घरचं नाणं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी पारनेरकडची. घरूनच नोकरी करते. क्रिप्टोची नाणी मोबाईलमध्ये सांभाळणारं एक वॉलेट आहे; कुठलं नवं नाणं त्यात घ्यायचं, हे तपासणं तिचं काम. भाजीवालीलाही ती आधी विचारते, "मळा कोनाचा, मावशी?" आणि मगच वांगं उचलते. या चौकशीचा मला वैताग येतो. पण तिच्या पिशवीतलं वांगं कधी किडकं निघत नाही.

परवा तिचा मावसभाऊ पेढे घेऊन आला. मित्रांना घेऊन त्यानं स्वतःचं नाणं काढलं होतं, आणि ते तिच्या वॉलेटमध्ये घ्यावं अशी त्याची इच्छा होती. मी चहाला तिथंच होतो. तिनं पेढा तोंडात टाकला आणि नाण्याचा कोड, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, वाचायला घेतला. मध्येच पेढा तोंडात तसाच राहिला.

"दादा, लोकांची विक्री बंद करायचं बटन तुझ्या एकट्याच्या हातात ठेवलंय व्हय?"

"अगं, मी कशाला दाबतोय!"

"मग काढून टाक. तवर न्हाई घेनार."

तो चहा न पिताच गेला.

मी म्हणालो, "अगं, घरचा माणूस होता."

"माझ्या घरचा, काका. इकत घेनाऱ्यांच्या थोडाच हाय?" म्हणत तिनं दुसरा पेढा उचलला.