वैशाखातला सर्जचा कोट

मुंबईच्या कापडबाजारात एका दुकानात मी गादीवर बसून अकरा वर्षं कापड फाडलं. कोकणातला कुणी नवरदेव खरेदीला आला की मी आधी विचारायचो, "मांडव कुठे? वर घाटाकडे की खाली समुद्राकडे?" समुद्राकडे म्हणाला की पॉपलीनचं ठाण बाजूला सारायचो. खाऱ्या हवेत पॉपलीन भिजलं की पाठीला चिकटतं आणि नवरदेव पाण्यातून काढल्यासारखा दिसतो. त्याला मी मलमल द्यायचो, सैल बाह्यांचा सदरा शिवायला सांगायचो, धोतर बारीक सुताचं आणि कोट हवाच असेल तर बिनअस्तराचा टसर. माझ्या सांगण्यावरून कपडे शिवलेले कितीतरी लोक नंतर पेढे घेऊन आले.

आणि माझं स्वतःचं लग्न वैशाखात, मालवणजवळच्या एका गावात, अगदी समुद्राच्या पुळणीवर ठरलं, तेव्हा मी काळ्या सर्जचा, अस्तर लावलेला लोकरी कोट शिवून घेतला. साठ साल जवळ आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

कारण होता माझा डावा हात. आठव्या वर्षी मी काजूच्या झाडावरून पडलो. गावच्या वैद्याने कोपराला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि महिन्याने सोडल्या, तेव्हा कोपर वाकडं जुळलं होतं. हात कामाला चांगला होता, ठाण उचलत होता, गज धरत होता. फक्त सरळ होत नव्हता आणि उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला होता. पण याच हातामुळे माझं एक लग्न मोडलं होतं. साखरपुडा ठरलेला, आणि कुणीतरी जाऊन मुलीच्या बापाला सांगितलं. सांगणारा कोण ते मला कधीच कळलं नाही, म्हणून मी सगळ्यांवरच संशय घ्यायला शिकलो. पंचवीस संपून तिशीकडे निघालो होतो. हेही मोडलं तर माझ्या नशिबात मंगलाष्टकं नाहीत हे मी मनाशी धरून चाललो होतो.

म्हणून ही मुलगी बघायला गेलो तेव्हा मी छत्री नेली. माघातलं कोरडं ऊन, आभाळात ढगाचं नाव नाही, पण छत्री वाकड्या कोपरात अडकवली की हात कसा मुद्दाम वाकवलेला वाटतो. पोहे उजव्या हाताने खाल्ले, पाणी उजव्या हाताने प्यालो. मुलगी मान खाली घालून बसली होती. मी तिच्याकडे कमी आणि इतरांच्या डोळ्यांकडे जास्त बघत होतो. मध्येच तिचा भाऊ पुढे आला आणि "द्या हय, कोपऱ्यात ठेवतंय" म्हणत अदबीने छत्री घेऊन गेला. मी घाईघाईने उपरणं हातावर ओढलं. पसंती आठ दिवसांनी आली, आणि ती इतकी सहज आली की मला तिचाही संशय आला.

मग चैत्राच्या तोंडाला, मी लग्नाची रजा काढून आगबोटीने गावी आलो होतो तेव्हा, निरोप आला की नवऱ्याचे कपडे मुलीकडून, तेव्हा मापासाठी एक जुना सदरा पाठवावा. तशी रीतच होती. आई म्हणाली, "दे रे तुजो एखादो सदरो, पोस्तमन जावचो आसा त्या बाजूक." माझ्या प्रत्येक सदऱ्याची डावी बाही दोन बोटं आखूड. ती बाही मापाला देणं म्हणजे आपल्या हातानेच चुगली लिहून पाठवणं. त्या लोकांनी माप मागितलं ते सदऱ्यासाठी की हातासाठी, हेही मी दोन दिवस घोळवत राहिलो. शेवटी माझ्या पाठच्या भावाचा सदरा उचलला. तो उंचीने, छातीने माझ्याएवढाच, तोंडवळाही माझाच, शाळेत मास्तर, दोन्ही हात सरळ. सदरा धुऊन, घडी करून, आईलाही न सांगता पाठवून दिला आणि आपण फार शहाणे आहोत असं मला वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत एक माणूस आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, खांद्यावर पंचा. म्हणाला, आमसुलांसाठी रतांबे विकत घ्यायला आलोय, यंदा कसे आहेत ते बघू. मी आयुष्यभर गिऱ्हाईक ओळखलेला माणूस. हा गडी रतांब्याच्या झाडाकडे वरसुद्धा बघत नव्हता. अंगणात बसून ताक प्याला, माझ्या भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा भावाकडे बघितलं. घरात आणखी कोण भाऊ, कोण चुलते, सगळं विचारून घेतलं. मग रतांब्यांची एक टोपली भरायला लावली आणि नेमकं मलाच म्हणाला, "जरा डोक्यार देशात काय? दोनय हात लावा हां, जड आसा."

टोपली जड नव्हती. पण नाही कसं म्हणणार? मी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यावर दिली. सदऱ्याची बाही मागे सरकली. टोपलीखालून त्याचे डोळे माझ्या कोपरावर टेकलेले मी स्वच्छ पाहिले. त्याने भावही न विचारता टोपली नेली आणि वळणावर गेल्यावर फणसाखाली तशीच ठेवून दिली. संध्याकाळी ती मीच उचलून आणली.

"पाळत ठेवूक इलेलो," मी आईला म्हणालो. "कोणीतरी चुगली केल्यान."

"तुका आपली सावली दिसली तरी चोर वाटता," आई म्हणाली.

पण लग्न मोडल्याचा निरोप आला नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला. मी रोज वाटेवर डोळे लावून बसायचो. न आलेल्या निरोपाचं ओझं आलेल्या निरोपापेक्षा जास्त असतं, हे मी तेव्हा अनुभवलं. मला वाटू लागलं की ही माणसं भर मांडवात, चारचौघांसमोर माझी शोभा करणार आहेत. म्हणूनच मुंबईहून शिवून आणलेला सर्जचा कोट मी पेटीतून काढून उन्हात टाकला. तो अंगावर आला की कोपराचा वाक कापडाच्या जाडीत जिरून जायचा. आईने कोट बघितला आणि कपाळावर हात मारला.

"वैशाखात लोकरीचो कोट? खुळो झालंस काय रे? भाजान मरशीत पुळणीर!"

"मुंबईत आता अशीच पद्धत आहे," मी शुद्ध मराठीत सांगितलं. खोटं बोलताना माझी मालवणी सुटते, हे आईला ठाऊक होतं. तिने कोट उलटा करून दुसरी बाजू उन्हाला दिली.

मुलीचं घर माडाखाली, अंगण एवढंसं. म्हणून त्यांनी होड्या वर ओढून पुळण मोकळी केली होती आणि झावळ्यांचा मांडव थेट वाळूवर घातला होता. मुहूर्त सकाळी अकरानंतरचा. आमचं बिऱ्हाड शेजारच्या घरात होतं, तिथे मुलीकडचं ताट आलं. ताटात बारीक काठाचं धोतर, टोपी, आणि मलमलीचा सदरा. कापडाला बोट लावताच माझ्यातला दुकानदार खूश झाला. हवेशीर, तलम, शिवण आतून दुमडलेली, गळ्याशी पांढऱ्याच दोऱ्याची नाजूक वेल. मी माझ्या गिऱ्हाइकाला जे सांगितलं असतं, तंतोतंत ते. मग मी तो अंगात घातला आणि डावा हात पुढे करून बघितला. डावी बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली होती. कोपराशी कापड थोडं जास्त सोडून कळीसुद्धा घातली होती.

भावाच्या सदऱ्याचं माप पाठवलं होतं आणि माझ्या हाताचा सदरा आला होता. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि मलमल अशी पारदर्शक की कोपराचं हाड मोजता यावं. आता ही माणसं काय करणार? मी वरून कोट चढवला, सगळी बटणं लावली आणि मांडवात गेलो.

वाळू तापलेली. वारा पडलेला. समोर समुद्र डोळ्यांत टोचत होता. पाटावर उभा राहिलो तोपर्यंत घाम मुंडावळ्यांवरून गळायला लागला होता आणि कोट भिजून मासळीच्या जाळ्याएवढा जड झाला होता. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितलं. मुलीचा मामा मुलीला घेऊन आला. टक्कल पडलेला, खांद्यावर नवा पंचा. माझं रतांब्यांचं गिऱ्हाईक.

त्याने भाचीला पलीकडे उभं केलं, अंतरपाटाला वळसा घालून माझ्याकडे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जावयबापू, कोट काढा."

"असू दे," मी म्हणालो.

"नको. काढा."

लोक माना उंचावून बघू लागले. आई पाटाजवळ आली. आता हा माझा हात धरून वर करणार आणि विचारणार, हे आम्हाला का सांगितलं नाही, अशी माझी खात्री झाली. पळून जावं असं खरोखर मनात आलं, पण वाळूत पळणार कुठे? मी एकेक बटण काढलं. कोट आईच्या हातात दिला. ओल्या मलमलीतून डावा हात जसा होता तसा सगळ्या गावाला दिसला. मामाने तो नीट बघितला, मान डोलावली, पलीकडे गेला आणि भाचीच्या कानात काहीतरी बोलला. मग भटजींना म्हणाला, "चला, सुरू करा." मंगलाष्टकं सुरू झाली. बाहीतून वारा शिरला आणि पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं, तरी पुढे काय वाढून ठेवलंय याची धास्ती गेली नव्हती.

पाचव्या दिवशी पाचपरतावणाला आम्ही दोघं तिच्या माहेरी निघालो. पुळणीच्या कडेने चालत होतो. माझ्या कोपरात सवयीने छत्री होती. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "तो मापाचो सदरो कोणाचो होतो?"

"माझाच," मी म्हणालो.

"तुमी आता मुंबयचा बोलतास म्हणजे खोटा बोलतास. माका आयेन सांगल्यान." आये म्हणजे माझी आई, तिची स्वतःची ती आवस. "त्या सदऱ्याचे दोनय हात सारखे होते."

मी थांबलो. "तुका माज्या हाताचा कधी कळला?"

"बघूक इलास तेव्हाच. मान खाली होती माजी, तोंड खंय बघूक गावला? छत्री दिसली, मगे भावान छत्री घेतल्यान, आणि हात तसोच. तेवढोच दिसलो माका तुमचो. आवशीक सांगलंय, हात वाकडो आसा, पण माणूस बरो वाटता. ती बरा म्हणाली. आणि मगे तो सदरो इलो." तिचा आवाज खाली गेला. "माज्या मावसबहिणीक एक भाव दाखवल्यानी आणि मांडवात दुसरो उभो केल्यानी. माका वाटला, माजाय तसाच जाला. मी तीन दिस जेवलंय नाय. म्हणान मामाक धाडलो, हात बघून येवक."

ज्या हातासाठी मी सर्जच्या कोटात भाजून निघालो, तो हात दिसत नाही म्हणून ही इकडे उपाशी राहिली होती.

"आणि मलमल?"

"मीच शिवलंय. टोपली उचललास तेव्हा मामान हाताचा माप डोळ्यान घेतल्यान, आणि घरी येवन माका ईतीबोटांनी दाखवल्यान. बारीक कापड मुद्दाम घेतलंय. अंतरपाटाआडून माका कायच दिसाचा नाय, आणि तुमी दोगव भाव तोंडान सारके, मामाक तरी हात दिसाक व्हयो. त्यान कानात सांगल्यान, 'हात तोच आसा गो,' तेव्हा खंय माजो जीव भांड्यात पडलो."

मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "छत्री हाडा हय."

मी दिली. तिने ती उघडली, आम्हा दोघांवर धरली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन, त्या वाकड्या कोपरात आपला हात घालून चालू लागली.