मध्यंतरापर्यंत आई, मध्यंतरानंतर काकू

परवा रविवारी आमच्या कोल्हापुरात एका तिकिटावर दोन बायकांनी नाटक बघितलं... एक माझी आई आणि दुसऱ्या शेजारच्या सुनंदाकाकू.

त्याचं असं झालं, गावात नाट्यमहोत्सव आलाय. पोस्टर झकास, नावं मोठी, आणि तिकीट... मोबाईलवर आकडा बघून मी चष्मा पुसला आणि परत बघितलं. आकडा तोच!

मला कळतंय तेव्हापासून ह्या दोघी नाटकाला जोडीनं जातात. शेवटची रांग, रुमालात शेंगदाणे, आणि नाटक चालू असतानाच मोठ्यानं चर्चा. व्हिलन आला की शिव्या घालणार, आणि नायिकेच्या आधी ह्याच रडणार.

ह्या वेळी शेवटच्या रांगेलासुद्धा हात लावता येईना. आईचा वाढदिवस होता म्हणून मन घट्ट करून एकच काढलं. इतक्या वर्षांची जोडी माझ्या हातानं फुटली, असं वाटून दिवसभर मलाच कसंतरी होत होतं.

काकू मात्र मजेत होत्या. "मी येतो की सोडायला," म्हणत आमच्या आधी रिक्षात जाऊन बसल्या. आई आत गेली आणि आम्ही दोघी बाहेर भेळेच्या गाडीपाशी बाकड्यावर बसलो.

मध्यंतर झालं तशी आई तरातरा बाहेर आली. तिकीट काकूंच्या हातात दिलं, वर अंगावरची शालही काढून दिली. "एसी लई हाय, गुंडाळून बस. शेवटची रांग, कडंची खुर्ची." काकू ऐटीत आत! दारावरच्या माणसानं तिकीट बघितलं, बाई बघितली नाही.

मी आ वासून बघतेय... ह्यांचं घरीच ठरलं होतं! निम्मं तू बघ, निम्मं मी बघते, मग एकमेकींना सांगू.

भेळ खाताखाता आईनं मला पहिला अर्धा भाग सांगितला. एक रिटायर्ड नवरा आणि त्याची बायको. परदेशातल्या लेकाचा फोन येत नाही म्हणून ती झुरते, आणि हा तिला चहा करून देतो, विनोद करून हसवतो. "गडी देवमाणूस हाय," आईनं सर्टिफिकेट देऊन टाकलं.

मग हळूच म्हणाली, "पुढचे सोफे निम्मे मोकळेच हायत गं... आणि मी हसलो तर शेजारची बाई म्हणली, श्श." सांगताना हसत होती, पण आईचा चेहरा मला कळतो. नाटकात मोठ्यानं हसायचं नाही, हे तिला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं.

नाटक संपायच्या आधीच काकू बाहेर आल्या. डोळे लाल, पदराचा बोळा तोंडाशी. त्यांना हुंदका फुटला आणि शेजारून तेच... श्श! खुर्ची तीच, शेजारीण तीच. बिचाऱ्या उठूनच आल्या.

"कसला देवमाणूस? पोरगा दर रविवारी फोन करत हुता! ह्योच त्याला सांगायचा, आई तुझ्याशी बोलणार न्हाई म्हणून!"

आईचा घास हातातच राहिला. "आणि मी त्येच्या जोकवर हसलो की गं..." मग जे भांडण जुंपलं! आई म्हणे त्याचंही काही कारण असंल, काकू म्हणे कारणाला आग लागू दे. भेळवाला काकूंच्या बाजूनं.

पण शेवटी ती बायको काय करते? ती लेकाला फोन लावायला घेते, पुढचं काकूंना माहीतच नव्हतं. "तुला शेवट नीट सांगायचा म्हणूनच गेलतो गं..." म्हणत त्या पुन्हा रडवेल्या झाल्या.

तेवढ्यात नाटक सुटलं. कडक इस्त्रीची साडी नेसलेली एक बाई एकटीच येत होती. "हीच ती श्शवाली," आईनं तिला लांबूनच ओळखलं आणि उठली. मी मनात म्हटलं, झालं... आता रस्त्यावर तमाशा!

"ओ ताई, शेवटी लागला का ओ तिचा फोन?"

बाई दचकल्या. आईकडे बघितलं, काकूंच्या अंगावरच्या त्याच शालीकडे बघितलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. हळूहळू सांगायला लागल्या. ती फोन लावते, पलीकडून लेक हॅलो म्हणतो... आणि हिच्या तोंडातून शब्दच फुटत नाही. लेक मात्र नुसत्या श्वासावरून ओळखतो... सांगतासांगता बाईंचाच आवाज गेला.

"माफ करा हो... एवढं महागाचं तिकीट. एक वाक्य चुकायला नको, असं झालं होतं मला..."

आईनं त्यांना बाकड्यावर बसवलं, पाठीवर हात ठेवला. "रडा ओ, मोकळ्यानं रडा. हितं कोण श्श म्हणत न्हाई."

आयोजकहो, तुमचे सोफे तुम्हाला लखलाभ. पुढच्या वर्षी मागची रांग तेवढी स्वस्त ठेवा... आई, काकू आणि ह्या ताई, आमच्या तिघींना शेजारी शेजारी बसायचंय.