पेशंट हलला

सोलापुरात आईला स्कॅनसाठी मी ज्याच्याकडे नेतो, तो सीटी स्कॅनवाला सुपारी चघळत एकच वाक्य बोलतो, "पेशंट हलला." चित्र बिघडलं तरी मशीन त्याच्या लेखी निर्दोषच.

परवा आईच्या मेंदूच्या चित्रात गोल कडं उमटलं. गाठ आहे का, म्हणून मी विचारलं, तर हा आईवरच खेकसला, "आजी, लई हलताय की!"

माझं डोकं फिरलं. "आधी न हलणारं कायतरी ठेव की तितं!"

त्यानं मशीन तपासायचा पाण्याचा डबा ठेवला. त्याच्या चित्रातही तेच कडं! खोट मशीनचीच होती. त्यानं मशीन जुळवलं, आईला पुन्हा आत घेतलं. चित्र स्वच्छ आलं.

"बघा आजी," तो म्हणाला, "आता कशा गप पडलात!"