द्वारकाबाईचे खांदे

शहागंजातल्या बन्सी फोटोवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक पडदा होता, आणि पडद्यापलीकडं थेट द्वारकाबाईची चूल. पुढं गिऱ्हाईक आलं की बन्सी पडदा जरासा सारून म्हणायचा, "अगं, खांदे लागतात." मग तव्यावरची भाकरी उतरवायची, हात पदराला पुसायचे, दुकानातला जरीचा शालू अंगावरच्या लुगड्यावरूनच गुंडाळायचा आणि स्टुलावर जाऊन बसायचं. तिच्या लग्नापासूनचं हे.

रीत पाडली चांदपाशानं. तो बन्सीचा उस्ताद, दुकानाचा मूळ मालक. पोलीस ॲक्शननंतर त्याची शेरवानीतली गिऱ्हाइकं हैदराबादेकडं निघून गेली आणि पायरीवर खेड्यापाड्यातली माणसं यायला लागली. बहुतेकांचं मागणं एकच. आई गेली, फोटो पाहिजे. जित्तेपणी बाया फोटोला बसायच्या नाहीत, आयुष्य कमी होतं म्हणायच्या. मग कुठल्या तरी लग्नातल्या, जत्रेतल्या घोळक्यात मसुराच्या डाळीएवढं तोंड सापडायचं, ते चांदपाशा मोठं करायचा. पण तोंडाखाली काय लावायचं? नवी सून होऊन आलेली द्वारकाबाई तेव्हा आत आमटीचा येसर मसाला भाजत होती.

"भाभी, जरा बैठो," चांदपाशा म्हणाला. "मुंडी कैसीबी रखो. हमना सिर्फ खांदे होना."

ती बसली. फोटो निघाला. बन्सीनं काचेच्या प्लेटीवरचं तिचं तोंड बारीक चाकूनं खरवडून काढलं आणि त्या जागी मेलेल्या बाईचं तोंड बसवलं. गिऱ्हाईक फोटो बघून ओक्साबोक्शी रडलं. त्या दिवशी चांदपाशा तिथंच येसराची आमटी भुरकून जेवला. पुढं त्याच्या घरून ईदेला मटणाचा नानखलिया यायचा. बन्सी तो दुकानातच बसून खायचा आणि द्वारकाबाईला वास कळलाच नाही, असं नवरा-बायको दोघंही धरून चालायचे.

तोंड येणारच नसल्यानं स्टुलावर तिला मोकळीक होती. ती तिथं बसून नवऱ्याला बोलून घ्यायची, सासूची गाऱ्हाणी सांगायची, कधी दाण्याची चटणी चाखत असायची. एकदा माहेरचा सांगावा आला होता, भाऊ गेल्याचा. तेव्हाही बाहेर गिऱ्हाईक होतं. ती रडत बसली आणि खांदे तेवढे सरळ ठेवले. बन्सी काळ्या कपड्याखालून म्हणाला, "हलू नको."

अजिंठ्याकडं एका लग्नाला गेली असताना तिनं पाहुण्यांच्या भिंतीवर स्वतःला पाहिलं. तोच शालू, कोपरापाशी तव्याचा तोच चटका, आणि वर कुण्या म्हातारीचं तोंड. गळ्यात झेंडूचा हार. घरची सून येऊन फोटोच्या पाया पडली, मग हिनंही हात जोडले. परत येताना एसटीत ती बन्सीला म्हणाली, "माझ्या जिवावर किती जणी देव झाल्या वो." बन्सी हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

चांदपाशा गेला. रोलचे कॅमेरे आले, प्लेटा बाजारातून उठल्या. बन्सीच्या डोळ्यांत सारा येऊन धूसर दिसायला लागलं. थोरला मुलगा काकासाहेब म्हणाला, "आता पुरं करा दादा. तिथं मी मोटारपंपाचं दुकान टाकतो." बन्सीनं दुकान आवरायला घेतलं. जुन्या प्लेटा तेवढ्या सोड्याच्या पाण्यात धुवायला टाकल्या, काचा फ्रेमवाला नेणार होता. धुवायचं काम द्वारकाबाईकडंच आलं. एकेक काच उजेडाला धरून ती बघायची. सगळीकडं तीच. आणि एकाही काचेवर तिला तोंड नव्हतं.

"एक फोटो माझा काढा," ती म्हणाली. "तोंडासकट."

"एकच प्लेट उरली हाय," बन्सी म्हणाला. "उद्या सकाळच्या उजेडात काढू."

सकाळी तिनं वेणी घातली, जरा ठसठशीत कुंकू लावलं, धुतलेलं सुती लुगडं नेसली. परातीत पीठ काढून ठेवलं, येऊन भाकरी टाकता येतील म्हणून. आणि तेवढ्यात बाहेर आवाज आला. कडूबा नावाचा शेतकरी होता, हातात जत्रेतला चुरगळलेला फोटो.

"आयचा मोठा करून पायजे. परवा वर्षसराद हाये."

"प्लेटा सरल्या बाबा. एक हाय, पर ती घरच्या कामाची हाय."

"घरचं काम मागून करा की. माही आय काय दरसाल मरणार हाये?"

बन्सीनं पडद्याकडं मान वळवली असणार, हे द्वारकाबाईला आत बसून कळलं. पंचवीस-तीस वर्षांत ती मान तिला पाठ झाली होती. आता उठावंच असं वाटेना. गुडघ्यांवर हात ठेवून ती जराशी तशीच बसली. मग उठून बाहेर आली.

"बसते मी."

"अन् तुझा?"

"तोंड त्यातबी असतंच ना माझं? खरवडायच्या आधी एक छापा काढा."

बन्सी तिच्याकडं बघतच राहिला. "हे कधी सुचलंच नाय."

"तुम्हाला काहून सुचंल."

तिनं शालूकडं हात नेला तसा कडूबा म्हणाला, "नको मावशी. माही आय असलंच लुगडं नेसायची."

ती स्टुलावर बसली. "तोंड कसंही ठेव," बन्सी सवयीनं म्हणाला आणि एकदम थांबला. द्वारकाबाईनं हसून पाहिलं, गाल काही वर येईनात. गंभीर व्हायला गेली, तेही जमेना.

"काय करू तोंडाचं?"

"राहू दे तसंच."

प्लेट वाळल्यावर छापा निघाला. ताटलीतल्या पाण्यात लाल दिव्याखाली एक बाई हळूहळू वर आली. डोळे खोल गेलेले, ओठ मिटलेले. द्वारकाबाई वाकून बघत होती.

"लई थकलेली दिसायली."

बन्सीनं छापा डोळ्यांपाशी नेऊन पाहिला, दूर धरून पाहिला. मग चाकू घेऊन प्लेटीवर वाकला. हात काही खाली जाईना.

"उद्या करतो," तो म्हणाला.

"आत्ताच करा. परवा सराद हाये त्याचं."

खरवडण्याचा आवाज सुरू झाला, करपलेला तवा उलथन्यानं घासावा तसा. तो संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग आत जाऊन तिनं ओला छापा येसराच्या डब्याला टेकवून ठेवला आणि तवा चढवला. भिंतीवर लावायला तिचा जीव धजला नाही.

बन्सी हात धुऊन जेवायला बसला. ताटात भाकरी पडली, आमटी पडली. तो आधी डब्यापाशी बघत होता, मग डोळे बारीक करून तिच्याकडं.

"जेवा," ती म्हणाली. "गार व्हायलं."