लिफ्टवरच्या कवितेची तिसरी ओळ

डॉ. मंदाकिनी आगाशे यांनी उभ्या आयुष्यात एकच मोठा वेडेपणा केला आणि त्याचीच त्यांना आज पेन्शन मिळते. नारायण पेठेत जन्मलेल्या मुलीने इतिहास घेतला म्हणजे तिने पेशवाईच घेतली, असं सगळे धरून चालतात. पण पुण्यात पेशवाईवर बोलायला पानवाल्यापासून भटजींपर्यंत सगळे तयार. आपण तोंड उघडायच्या आत कुणीतरी आपली तारीख दुरुस्त करणार. बाईंना मधे बोललेलं लहानपणापासून खपत नाही. म्हणून त्यांनी असा विषय निवडला, की ज्यात अख्ख्या शहरात कुणी त्यांची चूक काढू शकणार नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्लंड. त्यातही राजेराण्या नाहीत, तर साध्या लोकांची भांडणं. "इंग्रज गेले तेव्हा आम्ही पेढे वाटले, आता तू जा त्यांच्या मागे," एवढं बोलून वडिलांनी परवानगी दिली.

शिष्यवृत्ती मिळवून बाई यॉर्कला गेल्या आणि चर्चच्या जुन्या न्यायालयांत नोंदवलेल्या साक्षी वाचत बसल्या. तिथे कोंबडीवरून, कुंपणावरून, खिडकीतून टाकलेल्या पाण्यावरून बायका एकमेकींचा उद्धार करत आणि कारकून तो मन लावून लिहून घेत. कुणावर राग असला की त्याच्यावर चार ओळी रचून त्याच्याच दारावर चिकटवायच्या, ही तिथली आवडती खोडी. बाईंना वाटलं, हे तर आपल्याच पेठेतले लोक, फक्त टोप्या वेगळ्या.

त्या कागदांत त्यांना एक चालरीत सापडली आणि तिच्यावर त्यांचं सगळं नाव झालं. एखाद्या बाईवर आळ आला आणि पुरावा नसला, तर तिने स्वतः शपथ घ्यायची आणि सहा भल्या शेजाऱ्यांना घेऊन यायचं. शेजाऱ्यांनी 'हिने हे केलं नाही' असं म्हणायचं नाही. 'हिच्या शब्दावर आमचा विश्वास आहे' एवढंच म्हणायचं. मग ती सुटली. शेजाऱ्यांचा विश्वास हाच त्या काळी गरिबाचा कायदा होता, असं बाईंनी प्रबंधात लिहिलं. तोंडी परीक्षेत एका म्हाताऱ्या परीक्षकाने विचारलं, "शपथ घेणाऱ्यांपैकीच कुणी ते केलेलं असलं तर?" बाईंनी त्याला असं उत्तर दिलं, की त्याने हसून चहाचा कप उचलला.

पुढची तीस वर्षं त्यांनी पुण्यातल्या एका कॉलेजात हा विषय शिकवला. नातेवाईक लग्नाकार्यात विचारत, "ते इंग्लंड ठीक आहे, पण खरा इतिहास कधी करणार?" बाई जिलबी वाढून घेत आणि पुढे सरकत.

निवृत्त झाल्यावर त्या पेठेतल्याच आपल्या इमारतीत पुस्तकांसह पूर्णवेळ राहू लागल्या. इमारतीचे अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांनी दोन गोष्टी मनापासून जपल्या होत्या, स्वतःचं टक्कल आणि गच्चीची किल्ली. किल्ली गळ्यात असे. गच्चीवर जायचं तर अर्ज करायचा, कारण लिहायचं आणि उत्तराची वाट बघायची. पुस्तकांना कसर लागली म्हणून उन्हात टाकायला बाईंनी दोनदा अर्ज केला. 'पुस्तके ही वाळवण या सदरात मोडत नाहीत' असा शेरा मारून तो परत आला. बायकांच्या वाळवणाचेही अर्ज एप्रिल संपेपर्यंत विचाराधीनच होते.

एका सकाळी लिफ्टच्या दारावर कॉम्प्युटरवर छापलेला कागद दिसला.

गच्चीला कुलूप, किल्ली गळ्यात,
आप्पा हिंडती मोठ्या तोऱ्यात,
पापडांना सुद्धा म्हणे आता अर्जावर सही करून घ्यावी लागणार,
सांडगे वाळवू टकलाच्या उन्हात!

दुपारपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि संध्याकाळपर्यंत गुन्हेगारही ठरला. मागच्या गणपतीत पार्किंगमध्ये लहान मुलांची वेशभूषा आणि मोठ्यांचं कराओके यांच्या मधे बाईंचं व्याख्यान झालं होतं: 'इंग्लंडातल्या दारावरच्या कविता.' बायका खो खो हसल्या होत्या. आता सगळ्यांना ते आठवलं.

"आगाशेबाई, हे आपलंच काम," आप्पासाहेब दारात उभे राहून म्हणाले. "सभेत जाहीर माफी मागावी लागेल. इतिवृत्तात नोंद होईल."

"अहो, तिसरी ओळ बघा जरा," बाई कडाडल्या. "ती वृत्तात बसत नाही, ती जिन्यावर बसली आहे! मी लिहिली असती तर तिसरी ओळ नीट असती. माझ्यावर आळ घ्यायचा तर चांगल्या कवितेचा घ्या."

पण दार लावल्यावर त्यांनी कडीही घातली. आपलं नाव खराब झालं म्हणून चारशे वर्षांपूर्वी रडलेल्या बायकांवर त्यांनी लेख लिहिले होते, परिषदांमध्ये त्यांच्या शिव्या वाचून लोकांना हसवलं होतं. नाव जाणं म्हणजे काय, ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं, आणि त्यांना फार एकटं वाटलं.

मग त्यांना ती चाल आठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आप्पासाहेबांना सांगितली. आप्पासाहेबांना पुराव्यापेक्षा पद्धत प्रिय. "इंग्रजांची आहे म्हणता? मग पक्की असणार," ते म्हणाले. "रविवारी सहा जण आणा. नाही आले तर माफी."

सहा! बाई घरात येऊन बसल्या आणि मोजू लागल्या. यॉर्कच्या एका गल्लीतली अकरा घरं त्यांना तोंडपाठ होती, कुणाची कोंबडी कुणाच्या अंगणात गेली इथपर्यंत. स्वतःच्या जिन्यावर मात्र त्यांना पाट्या वाचत चढावं लागलं.

समोरच्या दारापासून त्यांनी सुरुवात केली. श्रीधर केळकर, बँकेतून निवृत्त. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बावीस वर्षांत आपण मला एकदाही नमस्कार केलेला नाही," ते म्हणाले. "शपथ घ्यायचीच तर मी त्याची घेईन. तिथे माझी पक्की खात्री आहे." आणि त्यांनी अत्यंत सभ्यपणे दार लावलं.

बाईंच्या वर्मी लागलं. खोटं असतं तर त्या भांडल्या असत्या. हा माणूस खरं बोलला होता.

दुसऱ्या मजल्यावर वेणूबाई राहायच्या. मुलाला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून यवतमाळहून आलेल्या. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "मी येतो ना! काहून घाबरता? बाकीच्या पाच मी आणतो. तुम्ही जा, चहा घ्या."

त्यांच्याकडे बसलेली वरच्या मजल्यावरची अस्मिता, आयटीतली, लगेच म्हणाली, "मॅम, मी पण. डेफिनेटली." मग जरा पडलेल्या चेहऱ्याने तिने विचारलं, "पण मॅम, तिसरी ओळ इतकी बॅड आहे का?"

"भयंकर," बाई म्हणाल्या. सहा जणी इतक्या पटकन कशा मिळाल्या, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला पडला नसता तर बाईंनी त्याला नापास केलं असतं. त्यांना स्वतःला तो पडला नाही. त्या रडू आवरण्यात गुंतल्या होत्या.

रविवारी पार्किंगमध्ये, गणपतीच्या कोनाड्यासमोर सभा भरली. बाईंनी हात जोडून शपथ घेतली, की कविता मी लिहिली नाही, लावलीही नाही. मग वेणूबाईंसह सहा जणी रांगेत उभ्या राहिल्या.

"म्हणा," आप्पासाहेब म्हणाले, "यांच्या शब्दावर आमचा विश्वास आहे."

"विश्वास कायले?" वेणूबाई म्हणाल्या. "आमाले माहीतच हाय, यायनं नाही लिवली."

"कसं माहीत?"

अस्मिताने वेणूबाईंच्या पायावर पाय दिला. बाकीच्या चौघी एकदम गणपतीकडे भक्तिभावाने बघू लागल्या.

आगाशेबाईंनी तो पाय पाहिला. तिसरी ओळ आठवली, अस्मिताचा पडलेला चेहरा आठवला, आणि 'शपथ घेणाऱ्यांपैकीच कुणी?' विचारणारा तो म्हातारा परीक्षक त्यांच्या डोळ्यांसमोर चहाचा कप घेऊन उभा राहिला. अख्ख्या कारकिर्दीचा पाया पार्किंगमध्ये खचला होता आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. आप्पासाहेबांना वाटलं, बाई गहिवरल्या.

"बरं, बरं," ते घाईने म्हणाले. "पद्धतीप्रमाणे झालं. बाई निर्दोष. नोंद करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेणूबाईंनी बाईंना खुणेने वर बोलावलं. गच्चीचं दार सताड उघडं. आप्पासाहेब गेल्या वर्षी देवदर्शनाला गेले होते आणि तीर्थात बुडी मारताना हरवू नये म्हणून किल्ली घरी ठेवून गेले होते. तेव्हाच तिची नक्कल झाली होती. ते दुपारी झोपले की इथे सांडगे वाळत. सहा जणींनी बाईंची पुस्तकं वर आणली आणि कुरडयांच्या शेजारी यॉर्कची न्यायालयं उघडी करून ठेवली.

"मग कविता कशाला लावलीत? किल्ली तर होती," बाई म्हणाल्या.

"किल्लीनं दार उघडते," वेणूबाई म्हणाल्या. "मन मोकळं होत नाही ना."

बाई उन्हात बसल्या. कुरडईचा ओला चीक खात त्यांनी सहाही जणींची नावं विचारून घेतली, माहेरची गावंसुद्धा. अस्मिता बराच वेळ घुटमळली. शेवटी म्हणाली, "मॅम, ती ओळ... कशी असायला हवी होती?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. शपथ झाली होती ती जुन्या कवितेबद्दल.

बुधवारी सकाळी लिफ्टवर नवा कागद होता. बाकी सगळं तेच, तिसरी ओळ तेवढी बदललेली: 'अर्ज घेऊन पापड दारात.'

आप्पासाहेब तो कागद हातात धरून बाईंच्या दारात आले. ओठ हलवत त्यांनी तो दोनदा वाचला, बोटांवर मात्रा मोजल्या.

"बाई," ते म्हणाले, "या वेळी तिसरी ओळ नीट आहे."

"हो का?" बाई म्हणाल्या. "मग मला पुन्हा सहा जणी लागतील."

जिन्यावर वरून-खालून दारं उघडल्याचे आवाज आले. आणि समोरचं दारही फटीएवढं उघडलं.

"नमस्कार केलात," आतून श्रीधर केळकर म्हणाले, "तर सातवा मी."

मंदाकिनीबाईंनी आप्पासाहेबांच्या टकलावरून पलीकडे बघत दोन्ही हात जोडले.