आत्यासाठी पहिलं प्रभुभोजन

मंडळी, आज सकाळी माझ्या धाकट्या भावाला, सुनीलला, हिंगोलीच्या चर्चमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा आम्ही सगळे रडलो. पण मला सांगायचंय ते दुपारचं.

आम्हाला वाढवणारी आत्या शिरड शहापूरला अंथरुणाला खिळून आहे. सुनील कितीतरी वर्षं उपदेश करतो, पण दीक्षा झाल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देता येत नाही. दुसरे पाळक तिच्या घरी यायला तयार होते. आत्या ऐकेना. "माझा सुनील देईल तवाच घेईन." ती तोवर राहील का, हीच आम्हाला धास्ती.

म्हणून मांडवातलं जेवण सोडून सुनील पांढऱ्या झग्यातच गाडीत बसला.

आत्या उशीला टेकून वाट बघत होती. शेजारी तिचं ताट झाकून ठेवलेलं. प्रार्थना झाली. भाकरीचा तुकडा पुढे करताना सुनीलचा हात थरथरला.

"काहून थरथरून राहिलास? ल्हानपणी माझ्या ताटातली भाकर वढून खायचास, तवा न्हाई थरथरलास!"

सुनीलसकट आम्ही सगळे हसलो. मग आत्याने डोळे मिटून दोन्ही हात पुढे केले. त्याने तुकडा तिच्या तळहातावर ठेवला, द्राक्षरसही पाजला.

"आमेन," ती म्हणाली, आणि लगेच, "पोरगं उपाशी आलंय, कोणी वाढा त्याला!"

वाढेपर्यंत थांबतोय कोण? नव्या पाळकसाहेबांनी झग्याच्या बाह्या सावरल्या आणि आत्याच्याच ताटातली भाकर ओढली.

तुमच्या आनंदाच्या दिवसासाठी असं हट्टाने कोण थांबलं होतं?