रेइनोचं म्हणणं

रेइनो सालमेलाचं ज्यावर मत नाही असा एकही विषय मला सव्वीस वर्षांत सापडला नाही. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं त्यावर त्याचं मत होतं, घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे करण्यावर होतं, आणि मी पेस्टीच्या, म्हणजे मांसाच्या भाजलेल्या करंजीच्या, सारणात गाजर घालते यावर तर फारच होतं. सरोवराकाठच्या ऑल्डर क्रीक गावातल्या आमच्या रेडिओ स्टेशनचा तो इंजिनियर. बाकी सगळी मी. फोन मी घ्यायचे, जाहिराती मी लिहायच्या, आणि गावात कोण वारलं ते सकाळी मीच वाचायचे. माझं नाव वर्ना.

शनिवारी नऊ वाजता माझी मयतांची यादी संपली की पुढची पंधरा मिनिटं रेइनोची. कार्यक्रमाचं नाव 'रेइनोचं म्हणणं'. पाहुणा नाही, गाणं नाही, नुसतं म्हणणं.

"चोवीस तास बातम्या देतात म्हणे. एवढी बातमी जगात असते कुठे? दोन तासांचा रस आणि बावीस तासांचा चोथा."

किंवा, "पूर्वी टीव्हीला मुंग्या आल्या तरी माणूस दिसायचा. आता दिसलं तर लख्ख, नाहीतर काळोख. आणि याला म्हणायचं सुधारणा."

लोक ऐकायचे. किराणा दुकानात, चर्चच्या कॉफीला, सौनाच्या वाफेत घाम गाळताना, "रेइनो काय म्हणाला ऐकलंस का," हे चालूच असायचं. त्याचा मला मनातून हेवा वाटायचा. मी रोज तासभर बोलायचे, माझं कोणी काही उचललं नाही.

त्याचा सगळ्यात जास्त राग होता तो संकटाचा इशारा देणाऱ्या आमच्याच यंत्रावर. एका खोक्याएवढं ते यंत्र दर बुधवारी चाचणी म्हणून कर्कश करवादायचं. रेइनो त्याला डबडं म्हणायचा. त्याची धूळ पुसायचा, त्याच्या तारा तपासायचा आणि शनिवारी माइकवर त्याचाच उद्धार करायचा. "दर आठवड्याला उगाच बोंबलतं ते. उद्या खरंच काही झालं तर कोण लक्ष देणार आहे? लोक आधी फोन बघतील. फोन 'हल' म्हणाला तरच हलतील." हे म्हणणं त्यानं वीस वर्षं लावून धरलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, चौदा जूनला, आमच्या ओढ्याला सकाळी सकाळी पूर आला. खालच्या गल्लीत तीन माणसं गेली. त्यातला एक ऐनो पेराला, रेइनोचा मासे धरायचा जोडीदार. तिघांचीही नावं मीच वाचली होती. ऐनोचं वाचताना मला दोनदा थांबावं लागलं.

यंदा चौदा जून शनिवारी आला. रेइनोनं ठरवलं, त्या दिवशीचा खराखुरा इशारा लोकांना ऐकवायचा. यंत्राची ती करवाद त्यानं तेव्हा टेपवर धरून ठेवली होती.

"हे नियमात बसतं का?" मी विचारलं.

"नाही बसत. पण अडचणही नाही. त्या करवादण्यात मजकूर असतो, वर्ना. काय आलंय, कुठे आलंय, किती वाजता आणि कुठवर धोका आहे, सगळं असतं. शेजारच्या चार स्टेशनांची यंत्रं आपल्यावर कान ठेवून असतात, ती हे वाचतात. वेळ टळून गेलेली असली की सोडून देतात. हा इशारा नऊ वर्षं शिळा आहे. ढुंकून बघणार नाहीत."

एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. आयुष्यात दोनदा लग्न करून मी एवढं शिकले आहे.

नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यानं टेप लावली. कार्यक्रम जरा लांबलाच होता. तीनदा करवाद झाली. मग तो आपलं नेहमीचं सुरू करणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्पीकरवर, जिथे आम्ही शेजारच्या गावचं स्टेशन बारीक आवाजात चालू ठेवतो, तिथलं गाणं तुटलं. त्या स्टेशनवरही करवाद झाली. तीनदा. मग एक यांत्रिक आवाज म्हणाला की आमच्या तालुक्यात दुपारी बारापर्यंत पुराचा धोका आहे, ताबडतोब उंचावर जा.

रेइनोचा चेहरा माइकसमोर पांढराफटक पडलेला मी काचेतून पाहिला.  रेडिओवर पाच सेकंद शांतता म्हणजे केवढी असते ते आमच्या धंद्यातल्यांनाच कळेल.

नंतर त्यानं मला सांगितलं तेव्हा मलाही धक्का बसला, इतकं ते साधं होतं. त्या मजकुरात दिवस असतो, तास असतो, मिनिट असतं. वर्ष नसतं. वर्षाची सोयच कोणी केलेली नाही. आणि तो तर बरोबर त्याच तारखेला, त्याच वेळेला टेप लावून बसला होता. यंत्रांच्या लेखी तो इशारा अर्ध्या तासापूर्वीचा होता, ताजा. ज्या माणसाला हे आमच्या सगळ्या जिल्ह्यात सर्वांत चांगलं माहीत असायला हवं होतं, त्यानंच हे केलं होतं.

तो लगेच माइकवर बोलला. "इशारा खोटा आहे. चूक माझी आहे. कोणीही घर सोडू नका." चारचारदा बोलला. पण आमचं स्टेशन टेकडीवर, शाळेच्या मागे आहे, आणि खिडकीतून मला रस्ता दिसत होता. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता, ओढा फुगलेला होता, आणि खालच्या गल्लीतून गाड्यांची रांग वर येत होती. चालत येणारेही होते. कुणाच्या हातात मांजर, कुणाच्या हातात औषधांची पिशवी. एकानं तर रविवारचं भाजायचं मांस तव्यासकट उचलून आणलं होतं. एकाचाही फोन वाजला नव्हता. फोनवर काही आलंच नव्हतं.

"निघाले," रेइनो माझ्या शेजारी येऊन म्हणाला. "वर्ना, हे सगळे निघाले."

वीस वर्षांचं त्याचं म्हणणं खोटं ठरून डोळ्यांदेखत टेकडी चढून येत होतं आणि तो नुसता बघत होता.

शाळेच्या व्यायामशाळेत अडीचशे माणसं जमली होती. रेइनो तिथे गेला, बाकावर उभा राहिला आणि आपण काय केलं ते त्यानं सांगितलं. काही जण हसले. एक जण म्हणाला, "मग मी माझा सोफा माळ्यावर का चढवला?" एका बाईनं सरळ शिवी दिली. तो सगळ्यांकडे मान खाली घालून बघत होता, म्हणजे बघत नव्हताच.

मग आयली पेराला उठली. ऐनोची बायको. चौऱ्याऐंशी वर्षांची, हातात काठी, पायात दोन निराळ्या चपला. खालच्या गल्लीतून टेकडी ती एकटी चढून आली होती.

"रेइनो, एक सांगते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी डबडं बोंबललं, तेव्हा शेजारची मला न्यायला आली. मी ऐनोला म्हटलं, चल. तो कॉफी पीत बसला होता. म्हणाला, तू हो पुढे. ते उगाच बोंबलतं असं रेइनोच म्हणतो, आणि ते दुरुस्त करतो तोच."

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"नऊ वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. बोलून काय होणार होतं? पण आज तू ते परत वाजवलंस." ती खाली बसली.

मी रेइनोकडे बघू शकले नाही.  सव्वीस वर्षं मी त्याच्या त्या बोलण्याला हसत आले होते. काचेच्या अलीकडे बसून त्याला 'झकास' म्हणून अंगठा दाखवणारी मीच होते.

तो बाकावरून उतरला आणि आयलीसमोर गुडघे टेकून बसला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ते सोपं नव्हतं. "यापुढे तुम्ही यंत्राचं ऐकू नका," तो म्हणाला. "खरं असेल तर मी स्वतः येईन. दार वाजवीन. मी येईपर्यंत हलू नका."

 बाहेर पडल्यावर मी त्याला धरलं. "अरे, काय बोलून बसलास? तू नेमका कुठे असशील तेव्हा?"

"गावातच असतो मी."

"अकरा मैलांवर ट्रान्समीटरपाशी निम्मा आठवडा कोण असतं मग?"

तो गाडीकडे चालू लागला. मालकानं त्याचा कार्यक्रम त्याच दुपारी बंद केला. त्यावर तो चकार शब्द बोलला नाही, आणि पुढे चार महिने माझ्या गाजरांवरही नाही. मला ते ऐकण्याची इतकी सवय होती की त्याच्या गप्प राहण्याची मला धास्तीच वाटायला लागली. एक दिवस मी मुद्दाम दुप्पट गाजर घातलं. त्यानं पेस्टी मुकाट्यानं खाल्ली आणि हात पुसले.

ऑक्टोबरात, एका मंगळवारी, सरोवरावरून वादळ आलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमचं यंत्र करवादलं. बुधवार नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाचा बंधारा फुटला होता, खालच्या गल्लीला चाळीस मिनिटं होती. मी माइकवर बसले होते. यंत्राचं बोलून झालं तसं मी म्हटलं, "मी वर्ना बोलतेय. हे खरं आहे. निघा." आणि मग माझ्या लक्षात आलं की रेइनो ट्रान्समीटरपाशी आहे.

त्याचा फोन आलाच. "तिला सांग. कसंही करून सांग."

"तिच्या घरचा फोन लागत नाहीये."

"मी येईपर्यंत हलू नका म्हटलंय मी तिला," तो म्हणाला. हे त्यानं तीनदा म्हटलं. मागे गाडीचा आवाज येत होता आणि काचेवर पाऊस आपटत होता. अग्निशमनवाल्यांना मी आयलीचं घर सांगितलं, पण त्यांची एकच गाडी होती आणि ती पलीकडच्या काठाला अडकली होती.

तीन वाजायला पाच मिनिटं असताना तो पुन्हा फोनवर आला. त्याला धाप लागली होती आणि पाण्याचा आवाज येत होता. "दार उघडत नाही. पाणी गुडघ्यापर्यंत आहे. खिडकी फोडतो." मग काच फुटल्याचा आवाज. मग नुसती त्याची हाक. आयली. आयली. तो एकेका खोलीत जात होता आणि मला सांगत होता. स्वयंपाकघरात नाही. न्हाणीत नाही. पलंग ओला झालाय, खाली हात घालतो. हे सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. मी रेडिओवर गाणं लावून ठेवलं होतं. कुठलं ते आज आठवत नाही.

"तळघराचा जिना पाण्याखाली गेलाय," तो म्हणाला. "ती तळघरात उतरली असेल. हीटर बंद करायला उतरली असेल."

"रेइनो, तू बाहेर ये."

"मीच सांगितलं होतं तिला."

"बाहेर ये म्हणते ना."

फोन बंद पडला. मी त्याचं नाव उद्या सकाळच्या यादीत मनातल्या मनात वाचून टाकलं. खोटं का सांगू, अगदी आडनावासकट वाचलं. तेवढ्यात मालक आला आणि त्यानं माइक घेतला, म्हणून मी रेनकोट डोक्यावर ओढून समोर व्यायामशाळेत धावले. तिथून कोणाला तरी हाताशी धरून खाली जायचं माझ्या मनात होतं.

दारातून आत गेले तर पहिल्याच बाकावर आयली पेराला बसलेली. अंगात कोट, डोक्याला रुमाल, पायात या वेळी जोडीच्या चपला. हातात कागदी पेल्यात कॉफी आणि मांडीवर वेलदोड्याचा पाव. मी तिथेच भिंतीला टेकले. मग 'रेइनो खाली अडकलाय' म्हणून ओरडले.

रेइनो वीस मिनिटांनी आला. कोणीतरी त्याला ट्रकच्या मागे घालून आणलं होतं. कमरेपर्यंत चिखल, मनगटाला काचेनं कापलेलं, ओठ निळे. त्याला तिची बातमी कोणी दिली नव्हती. तो तिला बघून असा थबकला की त्याच्या मागचा माणूस त्याच्यावर आदळला.

"तुम्ही इथे," तो म्हणाला.

"सव्वादोनला निघाले. ते करवादलं, मी कोट घातला."

"मी तुमच्या घरात होतो. पाण्यात तुम्हाला शोधत होतो. मी तुमची खिडकी फोडली."

"कुठली? ओट्याजवळची?"

"आयली, मी तुम्हाला सांगितलं होतं, मी येईपर्यंत हलू नका."

"सांगितलं होतंस." आयलीनं पावाचा तुकडा मोडला. "तुझं एकदा ऐकलंय आमच्या घरानं."

तो तिच्या शेजारी बसला, बसला म्हणजे कोसळलाच. मी त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली. तो रडत होता आणि दातही वाजत होते. तरी त्याला विचारल्याशिवाय राहवेना.

"आणि मागच्यासारखं खोटं निघालं असतं तर?"

आयलीनं त्याच्याकडे पाहिलं, एवढं शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं का अशा नजरेनं.

"तर परत गेले असते," ती म्हणाली, आणि तिनं पावाचा तुकडा त्याच्या हातात दिला.